वलगावच्या शिवारात सॅटेलाइट हरवतात

“मॅडम, तुमचा टॉवर बंद करा. नाहीतर इथले लोक मले बंद करतीन.”

फोनवर अन्वरभाई होते. अकोल्याचे सर्व्हेअर. वलगावच्या शिवारात नव्या कालव्याची आखणी त्यांच्याकडे होती. मी तेव्हा अमरावतीत एका वायरलेस ब्रॉडबँड कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होते. घरोघर तार न टाकता टॉवरवरून इंटरनेट पोचवायचं, हे आमचं काम. अन्वरभाईंची तक्रार अशी, की आमच्या टॉवरच्या आसपास त्यांचं जीपीएस चालत नाही.

मी नागपूरला मॅनेजरना फोन लावला.

“आपली फ्रिक्वेन्सी वेगळी, जीपीएसची वेगळी,” ते म्हणाले. “तसं लेखी कळवा आणि विषय संपवा.”

“एकदा बघून येते, सर.”

“जा. पण टॉवरला हात लावायचा नाही. पीकविम्याचे फॉर्म चालू आहेत, शेवटचा दिवस आहे.”

त्यांचं खोटं नव्हतं. कापसानं सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. वलगावच्या नेट कॅफेबाहेर सकाळपासून रांग होती आणि तो कॅफे आमच्याच टॉवरवर चालत होता.

शेतात पोचले तर वीसपंचवीस माणसं जमलेली. मधे अन्वरभाई, घामाघूम. समोर बेबीताई, त्या शेताच्या मालकीण. संत्र्याची बाग आणि विहीर त्यांचीच. विहिरीच्या काठाला हात टेकून त्या उभ्या होत्या.

“परवा कालव्याची खुटी धुऱ्यावर होती, शेताच्या कडेले,” त्या मला म्हणाल्या. “आज माह्या विहिरीच्या अल्याड आली. जमीन चालून राहिली का बाई? का कोनं या साहेबाले खुश केलं?”

अन्वरभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, एवढी वर्षं मोजणी करून राहिलो. असं मले कोणी बोललं नाई.”

त्यांची पद्धत साधी होती. एक रिसीव्हर ठरलेल्या जागी स्थिर ठेवायचा, त्याला बेस म्हणतात. दुसरा काठीवर लावून शेतात फिरवायचा. बेस दुसऱ्याच्या चुका सुधारत राहतो आणि मग जागा बोटभर फरकानं कळते. पण बेसलाच सॅटेलाइट नीट ऐकू आले नाहीत, तर खुटी कुठेही जाते. यंत्र तशी सूचना देतं. पण वरून घाई होती, म्हणून त्यांच्या हाताखालच्या पोरांनी सूचना न बघता खुट्या ठोकल्या होत्या. बेस ठेवला होता शाळेच्या गच्चीवर, आमच्या टॉवरच्या अगदी समोर.

सॅटेलाइटचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो. लग्नाच्या वरातीत कोणी कानात कुजबुजावं, तसा. त्यामुळे शेजारी थोडा जरी गोंगाट झाला तरी तो बुडतो. आता हा गोंगाट आमचा होता की नाही, एवढंच बघायचं होतं.

मी गच्चीवर गेले आणि स्पेक्ट्रम अनालायझर लावला. हवेत कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते हे यंत्र दाखवतं. जीपीएसच्या जागी रेषा सपाट हवी होती. तिथे उंचवटा होता. यंत्राचा अँटेना टॉवरकडे वळवला की तो वाढायचा, पाठ फिरवली की बसायचा.

टॉवरवर तीन दिशांना तीन अँटेना होते; एकेका दिशेला आम्ही सेक्टर म्हणायचो. कोणता बिघडलाय ते कळायला एकेक बंद करावा लागणार होता, आणि त्यातला एक कॅफेचा. मी कॅफेत जाऊन मालकाला विचारलं, थोडा वेळ नेट गेलं तर चालेल का? रांगेतला एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, फॉर्म राहिला तं तुमी भरून देसान काय?”

शेताकडचा अँटेना आधी बंद करायचा, कॅफेचा शेवटी, असं ठरवून मी परत आले. मॅनेजरना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

लॅपटॉपवरून शेताकडचा अँटेना बंद केला. उंचवटा गेला. गच्चीवर अन्वरभाई बेसच्या स्क्रीनवर वाकले होते.

“आले!” ते ओरडले. “सगळे सॅटेलाइट आले!”

कॅफेला हात लावायची वेळच आली नाही. एवढ्यात नागपूरचा फोन आला. “वलगावचा एक सेक्टर डाउन दिसतोय.”

“मीच केलाय, सर. गोंगाट आपलाच आहे.”

ते बराच वेळ बोलले. मी फोन कानाला लावून टॉवरखाली थांबलेल्या रिगरला, म्हणजे टॉवरवर चढून काम करणाऱ्या आमच्या माणसाला, वर जायची खूण केली. त्यानं अँटेनाखालचा बूस्टर उतरवला. लांबच्या गावांना सिग्नल पोचावा म्हणून तो बसवलेला होता. जोडणीत पाणी शिरलं होतं. असा बूस्टर स्वतःच नको त्या फ्रिक्वेन्सीवर आवाज काढू लागतो. आमचं नेट मात्र व्यवस्थित चालत होतं, म्हणून आम्हाला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेबीताईंसमोर मोजणी पुन्हा झाली. विहीर वाचली. संत्र्याच्या दोन ओळी कालव्यात गेल्या. अन्वरभाईंनी बेबीताईंच्या सांगण्यावरून तीच जागा तीनदा मोजली. तिन्ही वेळा काठी त्याच ठिकाणी टेकली.

बेबीताई झाडांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “झाडं गेली, त्याचं दुख हायच. पन हे मी मानतो. काल कोनी मानाले सांगतलं असतं तं काठी घेऊन आली असती.” मग अन्वरभाईंकडे वळून, “चाय घेऊन जा भाऊ. बोललो ते मनात ठेवू नोका.”

अन्वरभाईंनी चहा घेतला. दुसरा कपही घेतला.

बूस्टर काढल्यावर लांबची दोन गावं आठवडाभर नेटशिवाय राहिली. त्यांच्या शिव्या मीच खाल्ल्या. मॅनेजरनी सगळ्या टॉवरचे बूस्टर तपासायचा आदेश काढला. त्यात माझं नाव नव्हतं, वलगावचंही नव्हतं. तेल्हाऱ्याच्या टॉवरवर तसाच एक ओला बूस्टर सापडला. तिथून कोणाची तक्रारच आली नव्हती. ज्याचं जीपीएस बिघडत होतं, त्याला ते कशामुळे बिघडतंय हे कळायला काही मार्गच नव्हता.

तेव्हापासून माझी एक सवय झाली. तक्रार आली की आधी आपलं यंत्र बंद करून बघायचं. उत्तर त्यानंतर लिहायचं.