मी न लिहिलेली ओळ

भूतबित, करणी, अंगात येणं… मला कधीच पटलं नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. बिघाड असला की कारण असतंच, या हट्टावरच पोट भरतं माझं. तेव्हा इथल्या हुशार लोकांनी खुशाल कारण सांगावं.

गोष्ट २००३ची, बल्लारपूरची. माझ्या संगीताताईला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. सांधे धरले की चार-चार दिवस उठायची नाही. वरोऱ्याचं स्थळ आलं, मुलगा मास्तर, ताईला मनापासून आवडला. आजाराचं सांगायचं की नाही, यावरून घरात रोज कटकट. शेवटी मी स्टेशन रोडच्या सायबर कॅफेत जाऊन सिकलच्या एका ऑनलाइन ग्रुपवर विचारलं — ‘बहीण, वय २६, सिकल, बल्लारपूर. मुलाकडच्यांना सांगावं का?’ नाव मुद्दाम लिहिलं नाही. ग्रुप फक्त मेंबरांचा, असा माझा समज. त्याच्या सगळ्या जुन्या पोस्ट सर्च इंजिनला उघड्या होत्या, हे मला बावळटाला कुठे माहीत.

पंधरा दिवसांनी मुलाचा भाऊ घरी आला, हातात प्रिंटआउट. नागपुरात त्याने ताईचं नाव अन् गाव सर्चमध्ये टाकलं होतं. कागदावर माझ्याच पोस्टची लिंक आणि खाली ओळ — ‘संगीता, वय ३१, सिकल, बल्लारपूर.’

“आजाराचं काही नाई भाऊ,” तो बाबांना म्हणाला, “पण तुम्ही लपवून राह्यले होते.” चहा न घेताच गेला.

ताईने एवढंच विचारलं, “तू काऊन लिवलं रे माझं नाव?”

तिला कॅफेत नेऊन लिंक उघडली. पोस्टमध्ये नाव नाही, वयही २६च. “हे पाय ना ताई. मी लिवलं असतं तर एकतीस काऊन लिवलं असतं? तुझं वय मले माहीत नाई का?”

“मंग कागद खोटा हाय का?” म्हणाली, आणि उठून गेली. पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलायची. लग्न राहिलंच. मी मात्र तो ‘एकतीस’चा पुरावा तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, निर्लज्जासारखा.

पाच वर्षांनी तिची छाती भरली, श्वास घेता येईना. चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या बाईंनी केसपेपरसाठी विचारलं. नाव? संगीता. वय? एकतीस. आजार? सिकल. गाव…

बाईंनी लिहिलेली ती ओळ मी वाचतच राहिलो. सोबत आलेल्या शेजाऱ्याने बल्लारपूर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ताई गेली.

कागद अजून कपाटात आहे. कारण मला सापडलेलं नाही. ती ओळ मी लिहिली नव्हती, हे आता नक्की झालंय, पण जिला पटवायचं होतं ती नाही.