धोंडीराम गुरवाची आरती

नेकनूरच्या अलीकडं एका गावात महादेवाचं देऊळ होतं, आणि त्या देवळात महादेवापेक्षा जास्त वट धोंडीराम गुरवाची. पूजा त्याची, घंटा त्याची, पूजेबद्दल मिळालेली इनाम जमीन त्याची, अन् सभामंडपात भरणारी शाळाही त्याचीच. आज्यानं काढलेली, बापानं चालवलेली. पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि धोंडीराम खांबाला टेकून डोळे मिटायचा. ध्यान लागायचं म्हणे. ध्यानात घोरायचा, एवढंच.

शिकवण्याबद्दल दर सोमवारी घरोघरचा शिधा यायचा. ज्वारी, डाळ, गुळाचा खडा. शिधा दिसला की ध्यान लागलीच उतरायचं. ज्या घरचा शिधा चुकला, त्या घरच्या पोराचा पाढाही त्या दिवशी हमखास चुकायचा, अन् पाठीवर वळ उठायचे.

गावात कुणाचं खरंखोटं होईना, तर धोंडीराम त्या माणसाला देवापुढं उभं करून हातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवायचा. बेलभंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे शेवटचा. पुढं तो खोटा निघाला, तर गाव त्याच्या घरचं पाणी पीत नसे. भल्याभल्यांची तोंडं धोंडीरामानं अशी बांधली होती.

मग निजाम सरकारचा हुकूम आला, परवानगीशिवाय गावात शाळा चालवायची नाही. धोंडीराम हबकला. विद्येचं कसलं, शिध्याचं काय होणार! त्यानं शक्कल काढली. सगळे पाढे आरतीच्या चालीवर बसवले. परका माणूस दिसला की धूळपाट्या नंदीमागं सारायच्या, टाळ घ्यायचे, आणि हात जोडून पाढा लावायचा.

एक दिवस तहशिलीचा पेशकार खरंच आला. बरोबर भगवानराव पाटील आणि अर्धं गाव.

"गुरव, इथं शाळा भरती म्हणं?"

"न्हाई सरकार. महादेवाची आरती चालू हाय."

पेशकार मराठी माणूस. तेविसाचा पाढा त्यानं हात जोडून शेवटपर्यंत ऐकला. "लई गोड आरती हाय," म्हणाला. "आता बेलभंडारा उचला, म्हंजे मी निघतो."

आजवर धोंडीरामानं दुसऱ्यांच्याच हातावर बेल ठेवलेला. त्याच्या हातावर पाटलानं ठेवला. पानाकडं न बघता तो बोलला, "इथं शाळा न्हाई, कधी नव्हती. हाय ती आरती."

पेशकार प्रसाद घेऊन गेला. धोंडीराम मात्र सगळं हैद्राबाद फसवल्यासारखा छाती काढून हिंडला.

सोमवार आला, शिधा आला नाही. दुपार कलली तरी एक सूप दारात उतरलं नाही. बायको तुळजाबाई रिकामी दुरडी मांडीवर घेऊन बसलेली.

"आवो, चूल पेटवू का नुसती फुंकत बसू?"

धोंडीराम तणतणत पाटलाच्या ओट्यावर गेला. "पाटील, शिधा कावून आला न्हाई?"

"कशाचा शिधा, गुरवबुवा?"

"पोरं शिकवतो, त्याचा!"

"गावात शाळा हाय?" पाटलानं पानाला चुना लावत विचारलं. "बेल उचलून तुमीच न्हाई म्हणलात. आता आमी शिधा दिला तर तुमी खोटे ठरता. मग तुमच्या घरचं पाणी बंद करावं लागंल. आमाला कशाला पाप लावता?"

ओट्यावरची माणसं मिशीत हसली.

"मग उद्यापासून मी शिकवतच न्हाई!"

"शिकवताच कुठं? ती आरती हाय. अन् गुरवानं आरती बंद केली, तर इनामाची जमीन कशाबद्दल खायची?"

धोंडीराम पागोटं सारखं करत घरी आला. झालेलं सगळं बायकोला सांगितलं. तुळजाबाई आधी कपाळाला हात लावून बसली, मग पोट धरून हसली.

तीन पिढ्या त्या घरातली बाई रानात गेली नव्हती. जमीन दुसऱ्याकडं वाट्यानं, अन् घरी शिध्यावर निवांत. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुळजाबाईनं पदर खोचला, शेजारणीकडून खुरपं मागून आणलं आणि रानात जायला उंबऱ्याबाहेर पाय टाकला. पोरं तिकडं मंडपात जमून टाळ कुटत होती.

"जावा आता देवळात," ती नवऱ्याला म्हणाली. "अन् पाढा नीट म्हणा. फुकटचा हाय म्हणून मधलं गाळू नका."