जी मागे पडेल तिचा ठेका

लुंबिनीला कथक शिकवलं नांदेडच्या सुमनबाईंनी. शिकवलं म्हणण्यापेक्षा अडवलं म्हणणं जास्त खरं. तिचे वडील, निवृत्ती, हे रेल्वेत गँगमन. त्यांनी हौसेनं पोरीला बाईंच्या वर्गात घातलं आणि पोर निघाली चपळ. एकदा पाहिलेला तुकडा दुसऱ्यांदा बिनचूक करणारी. कौतुकाची तिची अपेक्षा रास्तच होती. पण बाईंच्या वर्गाची रीतच उफराटी. तिथं तबला नव्हता. बोल एका मुलीनं म्हणायचे आणि बाकीच्यांनी नाचायचं. म्हणायला बसवायची ती नेमकी सगळ्यांत मागे पडणारी. ती अडखळली, की बाकीच्यांनी उचललेला पाय तसाच हवेत धरायचा.

लुंबिनीला याचा भारी राग यायचा. "बाई, तिच्यापायी आम्ही कवर थांबायचं?"

"तिचं होईस्तोवर," बाई म्हणायच्या. "पळायला सगळ्यांनाच येतं. थांबून दाखव."

धुसफुसत का होईना, ती थांबायला शिकली. लग्न होऊन लातूरला आली. नवरा आनंदराज पंचायत समितीत कारकून. एका शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं स्वतःचा वर्ग काढला आणि पहिल्याच दिवशी तबला आणवला. मागे पडणारीनं घरी सराव करून यावं, असा साधा सरळ हिशेब. बाईंची रीत ती नांदेडलाच ठेवून आली होती.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. लातुरातली माणसं कितीतरी दिवस घराबाहेर निजत होती, ट्रक गेला तरी दचकत होती. अशात पाय आपटायला पोरींना कोण पाठवणार? वर्ग महिनोन्‌महिने बंद राहिला. तो पुन्हा उघडला, तेव्हा गंजगोलाईच्या बाजारातला भांड्यांचा दुकानदार वीरण्णा आपल्या भाचीला घेऊन आला. मृण्मयी तिचं नाव, वय आठ. किल्लारीकडच्या गावात तिचे आईबाप भूकंपात गेले होते. हिला वीरण्णानंच ढिगाऱ्यातून काढलं होतं.

"ताई, हिला नाच नाही आला तरी चालंल," तो म्हणाला. "जमीन जराशी धडधडली की पळत सुटती. तेवढी भीती काढा."

लुंबिनीनं हो म्हटलं खरं, पण तबल्यावर थाप पडली रे पडली, की पोर शेडबाहेर. लुंबिनीनं गोंजारून पाहिलं, हात धरून पाहिलं, एकदा तर ती रागावलीसुद्धा. रागावली ते चुकलंच, आणि ते तिला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं तबला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवला आणि मृण्मयीला मुलींच्या समोर बसवलं.

"बोल तू म्हणायचे. तू म्हणशील तवाच यांचे पाय पडतील. तू गप, तर सगळ्या गप."

मृण्मयी गपच राहिली. सगळी रांग उजवा पाय उचलून उभी. मुलींच्या मांड्या थरथरायला लागल्या. न्यायला आलेल्या आया दारातून डोकावून कुजबुजल्या, ही काय शिकवणी झाली? लुंबिनीनं कुणालाही पाय टेकू दिला नाही. शेवटी मृण्मयी पुटपुटली, "ता." धपकन पाय पडले. तिनं भिऊन तोंड मिटलं, तर पायही थांबले. ती रांगेकडे बघत राहिली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "थेई." त्या दिवशी ती पळाली नाही.

त्यानंतर बोल म्हणणारी तीच. सगळे तुकडे, परण तिला मुखोद्गत, पण स्वतःचं पाऊल तिनं कधी उचललं नाही आणि लुंबिनीनं उचलायला लावलं नाही. लुंबिनीच्या नाच बसवण्यातही ते उतरलं. मंचावर मधोमध बोल म्हणणारी, भोवती नाचणाऱ्या, आणि मधेच सगळं स्तब्ध. स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, मुली विसरतात का? लुंबिनी म्हणाली, वाट बघतात. बक्षीस अर्थातच दुसऱ्यांना मिळालं, आणि तिला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

एव्हाना लातूर पार बदललं होतं. गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या, मुखेड-लोह्याहून ट्रंका घेऊन आलेली पोरं, आणि आठवी आली की नाच बंद. मृण्मयी दहावीत गेली तसा वीरण्णा आला. "एवढी वर्षं झाली ताई, पोरीनं एक पाऊल टाकलं न्हाई. आता ट्यूशन लावतो."

"वार्षिक कार्यक्रमापर्यंत थांबा," लुंबिनी म्हणाली. तो नाखुशीनंच थांबला.

कार्यक्रमात ऐन रंगात मृण्मयी बोलता बोलता गप्प झाली. मुलींचे पाय हवेत. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. विंगेत उभ्या लुंबिनीच्या ओठांवर पुढचा बोल आला होता, तो तिनं दात आवळून आत ठेवला. मृण्मयी उठली. रांगेत जाऊन उभी राहिली, तोच बोल म्हणाली आणि पाय असा मारला की मंचाच्या फळ्या हादरल्या.

वीरण्णा विंगेत आला तो डोळे पुसतच. "भीती गेली, ताई. तुमचे उपकार हायत. काम झालं. सोमवारपासून ट्यूशन."

लुंबिनीशी त्याची बोली तीच होती, फक्त भीती काढायची.

"मामा, इतके दिवस मी नुसती म्हणत होते," मृण्मयी म्हणाली. "नाचायला आज सुरुवात केली."

"ट्यूशन सातला असते," लुंबिनी लगेच म्हणाली. "मी पहाटे पाचला शेड उघडते."

"पाचला कोण येतंय?"

"मी," मृण्मयी म्हणाली.

सोमवारी पाचला स्कूटर आली. मफलर गुंडाळलेला वीरण्णा कुरकुरत शेडच्या भिंतीशी टेकला. मृण्मयीनं पाय मारला, पत्रे खडखडले, आणि वीरण्णा चपला तिथंच टाकून थेट बाहेर उघड्यावर. इतक्या वर्षांत आपलीही तीच भीती त्यानं कुणाला कळू दिली नव्हती.

मृण्मयी थांबली. बाहेर जाऊन तिनं मामाचा हात धरला, त्याला आत आणून खाली बसवलं.

"हे मीच हलवायलेय, मामा. भ्या वाटलं तर सांगा. थांबते मी."

वीरण्णानं दोन्ही तळहात जमिनीवर टेकले.

"थांबू नको," तो म्हणाला.