सतरा निळे बांबू आणि चाकूरचा व्हरांडा

चाकूरच्या अभ्यासिकेचं छप्पर बांबूचं होणार, हे मामांनी आधी गावात जाहीर केलं आणि मग मला कळवलं. मामा निवृत्त शिक्षक. मी लातूरला स्ट्रक्चरल इंजिनिअर. माझ्या एकटीच्या सहीचं हे पहिलंच काम. छपराला सतरा बांबू लागणार होते, पुढच्या व्हरांड्याला सात. त्या व्हरांड्यात पेपर वाचत बसायला मामांनी खुर्चीही आणून ठेवली होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी बांबू निवडायला निघाले. लातूरहून नांदेड, तिथून भोकर-हिमायतनगरमार्गे किनवटची एसटी. महिलांना अर्धं तिकीट. पुढे पुढे रस्ताही अर्धाच उरतो, त्यामुळे तक्रार करता येत नाही. इस्लापूरला उतरून पोहे खाल्ले. धबधबा बघायचा तर पावसाळ्यात या. बांबू तोडायचा तर पावसाळा टाळा, तेव्हा कोंब फुटत असतात.

बांबू विकणाऱ्या कांताबाईंचं शेत गावाबाहेर ओढ्याकाठी आहे. बांधावर बांबूची बेटं. मी जाडी मोजायचा व्हर्निअर काढला आणि दोन तासांत चोवीस बांबूंवर खडूने खुणा केल्या. सगळे सरळ, तुकतुकीत, सारख्या जाडीचे. कांताबाई कोयता मांडीवर ठेवून बघत होत्या.

"झालं का मोजून, मॅडम?"

"झालं."

"लई देखणे निवडले. समदी कवळी पोरं हायत."

प्रत्येक बांबूच्या बुंध्याला रंगाचा पट्टा होता. माझ्या वहीत त्याची नोंद 'डाग' अशी होती. ते बांबूचं वय निघालं. दरवर्षी पावसाळा संपला की नव्या बांबूंना कांताबाई घरात उरलेला ऑइलपेंट लावतात. विहाराचं फाटक रंगवलं त्या वर्षीचे निळे, म्हणजे चार वर्षांचे. लेकीच्या लग्नात घर रंगवलं तेव्हाचे पिवळे, दोन वर्षांचे. गुलाबी यंदाचे. निळ्या-पिवळ्यांच्या मधल्या वर्षीचे कोंब रानडुकरांनी खाल्ले. बांधकामाचा बांबू चार वर्षांचा हवा, कोवळ्याला भुंगा लागतो, हे मला पाठ होतं. माझ्या खुणा बहुतेक गुलाबींवर होत्या.

निळे मोजले. सतरा.

"सात पिवळे घ्या की," कांताबाई म्हणाल्या. "पट्टा खरवडून देते. चाकुरात कुणाला कळतंय?"

"भुंग्याला."

त्या पहिल्यांदाच हसल्या. "मग तुमाला येतंय थोडं."

मामांना फोन केला. "अगं, व्हरांडा न्हाई म्हंजे? मी समद्या गावाला सांगून बसलोय!"

"बसा. पण उन्हात."

रविवारी तोड झाली. जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वरून घाव, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. तोडलेले बांबू पानांसकट बेटालाच टेकवून पंधरा दिवस उभे. पानं आतलं पाणी ओढून घेतात. मग महिनाभर ओढ्यात दगडांखाली, म्हणजे भुंग्याचं खाद्य असलेली साखर आणि पिठूळपणा धुऊन जातो. नंतर सावलीत वाळवण, आणि चाकूरला कीड लागू नये म्हणून बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात बुडवणं. घाई असेल त्यांनी पत्रे घ्यावेत.

छप्पर एप्रिलमध्ये चढलं. सतरा निळे पट्टे एका रेषेत दिसतात. मामांना ते घासून काढायचे होते. मी नको म्हटलं. मामा खुर्ची घेऊन लिंबाखाली बसतात. व्हरांड्याचं काय झालं, असं कुणी विचारलं की सांगतात, "हाय की. इस्लापूरला उभा हाय, अजून दोन वर्सांचाच हाय."

माझ्या नकाशात व्हरांडा आता तुटक रेषेत आहे. शेजारी मी तारीख लिहिलेली नाही. 'पिवळे, सात' एवढंच लिहिलंय.