लालबागचे तात्या आणि चार पेले दूध

तात्या माझ्या आयुर्वेदिक दवाखान्याच्या उंबरठ्यावर अडकले होते. एक पाय आत, एक बाहेर. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या पेशंटचे पाय असे मधूनच जमिनीला चिकटतात.

मागून त्यांची बायको, म्हणजे काकू, कडाडल्या, "बाई, तुमचा औषध सुरू केल्यापासून हे असे खांबासारखे उभे रवतत!"

महिन्यापूर्वी तात्या चाळीत गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत एकटे जायचे. आता मुलगा हात धरून न्यायचा. "अख्खी चाळ बघता," तात्या खाली बघत म्हणाले.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची. म्हणजे तरुणच, निदान आगाऊपणात. तात्यांना मी ब्राह्मी-अश्वगंधा दिली होती, पोटासाठी त्रिफळा. आतडं आणि मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात. कंपवातात हात थरथरायच्या कितीतरी आधी बद्धकोष्ठ येऊ शकतं. इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण ब्राह्मी मेंदूला वाचवते, हे मी स्वतःच शोध लावल्याच्या थाटात सांगायचे. कुणी पुरावा मागितला की आवाज चढवायचे.

मी परळच्या त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. माझ्या मुलाच्या वयाचा डॉक्टर.

"तुमचा डोस कमी पडतोय," मी सुनावलं.

"मॅडम, गोळ्या कशाबरोबर घेतात?"

"पाण्याबरोबर! आणखी कशाबरोबर घेणार?"

काकू मध्येच म्हणाल्या, "पाणी खय? तुमीच सांगितलात, औषध दुधाबरोबर. म्हणान मी सगळ्याच गोळये दुधाबरोबर देतंय. चार पेले. म्हशीचा."

औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं, त्याला आम्ही वैद्य अनुपान म्हणतो. माझ्या चूर्णाचं अनुपान दूध. हॉस्पिटलच्या गोळीचं काय, हे मी विचारलंच नव्हतं.

फोनवर डॉक्टरने ते ऐकलं. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, दुधातली प्रोटीन्स आतड्यातून त्या गोळीला रक्तात जाऊ देत नाहीत. तुमच्या म्हशीने दार अडवलंय."

मग ठरलं: गोळी जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. दूध एकच पेला, गोळीपासून लांब. माझी चूर्णं डॉक्टरांना विचारून मगच.

पंधरा दिवसांनी काकू एकट्याच आल्या. चेहरा तसाच तापलेला.

"आता काय झालं?"

"आता एकटेच जातत. पेपर घेवन. लायनीतले लोक माका शिव्या घालतत!"

कंपवात बरा झाला नव्हता, होतही नाही. संडास मात्र परत मिळाला. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर पहिला प्रश्न असतो, "कशाबरोबर?" तीस वर्षांच्या अनुभवाबद्दल कुणी विचारलं, तर मी तोच कागद पुढे करते.