कूलरसमोरचा क्लस्टर

कूलरच्या वाळ्यावर पाणी पडलं की जो गार, मातकट वास सुटतो, त्याने मला अयोध्या नगरमधल्या घरातली ती भर दुपारची व्हिडिओ मीटिंग आठवते. बाहेरच्या खोलीत तीन जुने संगणक जोडून मी क्लस्टर उभा केला होता. एक नोड, म्हणजे त्यातला एक संगणक, बंद पडला तर त्याच्यावरचं काम बाकीच्यांनी आपणहून उचलायचं, अशी सगळी रचना. मीटिंगमध्ये पलीकडे असलेल्या साहेबांना पटलं तर एका मोठ्या कामाची जबाबदारी मला मिळणार होती. मी लॅपटॉपवर समजावून सांगतेय, तेवढ्यात बाबा आले. जन्म कारखान्यात गेलेला. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखाही त्यांना सहन होत नसे. "कूलर गार हवा फेकणार आणि तुझे डबे गरम, हा कुठला शहाणपणा?" असं पुटपुटत त्यांनी पहिल्या संगणकाचं बटण बंद केलं. कॅमेऱ्यासमोर मला ओरडताही येईना. पडद्यावर मात्र काम निमूट शेजारच्या नोडवर गेलं. "वा! लाइव करके दिखा दिया!" साहेब खूश. बाबांनी दुसरा बंद केला, काम तिसऱ्यावर. साहेब टाळ्या वाजवत असतानाच तिसराही गेला, आणि बाबा समाधानाने म्हणाले, "आता बघ कसं गार वाटतं!" ते मोठं काम मला मिळालं, अट एकच, मशीनं घरात ठेवायची नाहीत. हल्ली आमच्या कंपनीत नोड मुद्दाम बंद पाडून बघायला पगारी माणूस आहे. पण तो एका वेळी एकच बंद करतो, तेही विचारून. बाबांची सर त्याला कुठली!