हवालदारांचे लोकरी तोरण

आमच्या शेजारच्या पेन्शनर हवालदारांइतका माणसाला दमवणारा माणूस सगळ्या भोर संस्थानात दुसरा झाला नसेल. उत्रोलीच्या शाळेत मी बारा वर्षे मास्तरकी केली. पण पोरांनी मला थकवले नाही तेवढे या एका म्हाताऱ्याच्या लोकरीने थकवले. सहा फूट उंची, कानापर्यंत गेलेल्या मिशा, हाक मारली तर चालता बैल थबकावा असा आवाज, आणि हा गडी ओसरीवर मांडी घालून आकड्याच्या सुईने लोकरीचे झेंडू विणत बसलेला! पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले. पुढे पुढे हसायला अंगात त्राण उरले नाही.

त्याचे असे झाले होते. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत त्यांच्या डाव्या हाताला गोळी लागली आणि बोटे आखडली. लष्करी इस्पितळातल्या मड्डमने बोटे मोकळी व्हावीत म्हणून त्यांच्या हाती सुई आणि लोकर दिली. बोटे मोकळी झाली, लढाई संपली, मड्डम आपल्या देशी गेली. हवालदारांची सुई काही थांबली नाही. दर दसऱ्याला त्यांच्या दारावर लोकरीचे तोरण लागायचे. नारिंगी झेंडू आणि मधूनमधून आंब्याची हिरवी पाने.

आता लोकरीचे तोरण एकदा केले की दहा वर्षे बघायला नको, असे तुम्हाआम्हाला वाटेल. इथेच तर घोडे पेंड खायचे. हवालदारांच्या मते तोरण ते तोरण, मग ते फुलांचे असो की लोकरीचे; सण झाला की ते शिळे. तेच पुढच्या साली लावायचे म्हणजे देवाला कालची फुले वाहायची. त्यामुळे दिवाळी आटोपली की तोरण उतरायचे, सगळेच्या सगळे उसवायचे, लोकर रिठ्यात धुऊन वाळवायची आणि श्रावण सरला की पुन्हा पहिल्यापासून विणायला बसायचे. लोकरीची लड धरायला अर्थात मी. शाळा सुटली रे सुटली की हाक यायची. मी दोन्ही हात पुढे करून बसायचे आणि त्यांनी गुंडा वळायचा. हात जरा खाली आले की "मास्तर, हात वर," असा हुकूम. एकदा मी पाठ धरल्याचे निमित्त काढले, तर टेकायला पोत्याची उशी घेऊन ते स्वतः माझ्या दारात आले. एकदा भोरला काम आहे म्हणालो, तर परत येईपर्यंत वेशीवर वाट पाहत उभे. एक टाका चुकला की अख्खा झेंडू उसवायचे आणि त्या दिवशी मला जेवणही गोड लागायचे नाही.

गावही काही कमी नव्हते. दसऱ्याच्या संध्याकाळी सोने द्यायला सगळे त्यांच्या दारी यायचे आणि आपट्याची पाने हातावर ठेवता ठेवता जो तो तोरणाची खोडी काढायचा. पान आखूड झालेय, मधला झेंडू वाकडा बसलाय. पाटील तर दरसाल नवी खोट शोधूनच यायचे. हवालदार मिशीवर ताव देत एकेकाशी भांडायचे. वर्षभरात एवढ्या सुखात मी त्यांना कधी पाहिले नाही.

दोन वर्षे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. तिसऱ्या साली मी भादव्यातच हिवतापाने अंथरूण धरले आणि माझ्या हातांना सक्तीची रजा मिळाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांची सून माझ्या दारी आली. सासऱ्यापुढे तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती. पदर सावरत ती म्हणाली, "मास्तर, मामंजी म्हैनाभर बसल्यात त्यात. म्या त्यांच्यापुढं कशी बोलू? तुमीच सांगा, न्हाईतर गाव हसंल."

जाऊन पाहतो तो तोरण तयार. झेंडू सगळे हिरवेगार आणि पाने नारिंगी! गुंड्यांच्या दोन पिशव्यांची अदलाबदल झाली होती आणि म्हाताऱ्याला ती दिसली नव्हती. मी आल्याचे कळताच त्यांनी तोरण दोन्ही हातांवर उचलून धरले. "औंदा डोळ्यानं न्हाई, बोटानं विणलंय. एक टाका चुकला आसंल तर सांगा," ते म्हणाले. सांगितले असते तर रातोरात सगळे उसवले असते आणि सणाच्या दिवशी त्यांचे दार भुंडे राहिले असते. टाका एकही चुकला नाही, असे मी म्हणालो. ते खरेच होते. पण घरी येऊन मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटीलच पुढे. त्यांनी मान वर केली, तोंड उघडले, मग हवालदारांकडे पाहिले. हवालदार मिशीला हात लावून भांडायच्या तयारीत होते, पण त्यांची नजर पाटलांवर नव्हती, बाजूच्या खांबावर होती. पाटलांनी तोंड मिटले, सोने हातावर ठेवले आणि मुकाट्याने बाजूला झाले. त्यांच्यामागून आलेल्यांनीही तेच केले. कुणाला सांगावे लागले नाही. माझा जीव भांड्यात पडला.

गाव पांगल्यावर हवालदारांनी मला जवळ बसवले. औंदा कुणी खोडी का काढली नाही, असे विचारले. तोरण चांगले झालेय म्हणून, असे मी म्हणालो.

"डोळं हुतं तवा कंदी चांगलं झालं न्हाई, अन् आता झालं व्हय? काय झालंय त्ये सांगा, मास्तर."

सांगितले. ते उठून तोरणातले झेंडू बोटांनी चाचपू लागले. मला राहवेना, उद्याच उसवू, मी लड धरतो, अजून दिवाळी हातात आहे, असे मी भडाभडा बोलून गेलो.

"नगं," ते म्हणाले. "आख्ख्या गावानं संबाळून घेतलंय. त्ये उसवायचं कसं?"

पुढच्या दसऱ्यालाही तेच तोरण दारावर होते. हाक आली नव्हती, तरी मी दुपारपासून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. करायला काहीच नव्हते. घरी आलो तेव्हा मात्र मी कधी नव्हे इतका दमलो होतो.